स्प्लेंडरचं चेन कव्हर काढून टाकू का? कव्हरने चेन खरंच जास्त टिकते का?

काढू नका. हो, चेन जास्त टिकते, आणि फरक चांगला जाणवण्याइतका असतो.

तुम्ही लिहिलंय की कव्हर खडखडतं, म्हणून गॅरेजवाला म्हणतो फेकून द्या, ‘केटीएम ड्यूकला कुठे असतं?’ आधी खडखडीचं बघू. बहुतेक वेळा चेन सैल होऊन कव्हरला आतून आपटत असते. चाक हाताने फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ लागते ती जागा शोधा. तिथे खालच्या बाजूला मधोमध साधारण इंचभर खेळ (वर-खाली हालचाल) ठेवून चेन ताणून घ्या. कव्हरचे बोल्टही आवळा. तरीही आवाज राहिला तर कव्हर वाकलेलं असेल. तेवढं ठोकून सरळ करता येतं. आणि सैल चेनचा आवाज येतोय म्हणून कव्हरच काढलं, तर चेन सैलच राहणार.

आता टिकण्याचं. आपण म्हणतो चेन ताणली, पण पट्ट्या लांबत नाहीत. प्रत्येक कडीत एक पिन आणि तिच्याभोवती बुश, म्हणजे छोटी नळी, असतो, आणि झीज होते ती या दोघांमध्ये. स्प्लेंडरच्या चेनमध्ये दोन पिनांतलं अंतर १२.७ मिमी. प्रत्येक जोडावर केसाएवढी झीज झाली, तरी शंभरेक जोडांची बेरीज मोठी होते. नव्या चेनच्या २० कड्या २५४ मिमी भरतात. त्याच २५९ च्या पुढे गेल्या, म्हणजे साधारण २ टक्के वाढल्या, की चेन संपली समजा.

ही झीज कोरड्या चेनमध्ये होतेच, पण ऑइलमध्ये बारीक वाळू मिसळली की फार वेगाने होते. ते मिश्रण पॉलिश पेपरसारखं पिन घासत राहतं. खडीचा रस्ता, शेतातली पाणंद, पावसाळ्यात चाकांनी उडवलेला चिखल, हे सगळं उघड्या चेनवर थेट बसतं. वर पावसाचं पाणी ऑइल धुऊन नेतं. बंद कव्हर वाळू बाहेर ठेवतं आणि ऑइल आत.

ड्यूकची तुलना इथे लागू होत नाही. तिच्या चेनमध्ये प्रत्येक पिनेपाशी रबराच्या रिंगा असतात, कारखान्यात भरलेलं ग्रीस त्या आत धरून ठेवतात. तुमची चेन साधी आहे, तिचं संरक्षण कव्हरच करतं. होंडाने १९५८ च्या सुपर कबला चेन पूर्ण झाकली, आणि आपल्याकडे १९८५ ला आलेल्या हीरो होंडा सीडी १०० लाही तसंच कव्हर होतं. मैसूरच्या जावा-येझदीही बंद चेनच्या. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीने तर पुढच्या दातेरी चक्रापासून (स्प्रॉकेटपासून) मागपर्यंत चेन रबरी नळ्यांतून नेली होती. मला आजही ती सगळ्यात शहाणी रचना वाटते.

कव्हरचा तोटा एकच, पण खरा आहे: चेन दिसत नाही, म्हणून लोक तिला विसरतात. कव्हरला रबरी बूच असतं. ते काढा, चाक हळूहळू फिरवत ९० नंबरचं गिअर ऑइल आतून थोडं थोडं सोडा. हे गाडी बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू असताना चेनजवळ बोट नेऊ नका. पावसाळा संपला की कव्हर एकदा पूर्ण उघडून आतला गाळ खरवडा. काळ्या मातीचा भाग असेल तर पावसाळ्यातही मध्ये एकदा, कारण तो चिखल आत वाळला की कव्हर फायद्याऐवजी नुकसान करतं.

आणखी एक. स्प्लेंडरची चेन डावीकडे, आणि आपल्याकडे साडी नेसलेली बाई बसते तेव्हा पायही डावीकडेच असतात. पदर किंवा ओढणी चेनमध्ये गेली तर काय होतं हे मी इथे लिहीत बसत नाही. घरात कोणी मागे बसत असेल तर एवढ्यासाठी तरी कव्हर राहू द्या.

चेन बदलायची वेळ आली तर दोन्ही चक्रांसकट पूर्ण सेट घ्या. झिजलेले दात नवी चेन लवकर खातात. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला आहे ना, हे कव्हर लावण्याआधी स्वतः डोळ्यांनी बघा.