सत्तरच्या दशकातले जपानी सूडपट लोक अजून का बघतात? त्यात रक्त सोडून आहे काय?

तुम्ही म्हणताय 'लेडी स्नोब्लड' आणि 'स्कॉर्पियन' दोन्ही बघून झाले, फवारे उडाले, कपडे उतरले, आणि तरी लोक यांना एवढं डोक्यावर का घेतात ते कळलं नाही. रक्तासाठीच बघायचे असते तर त्याहून जास्त रक्त आज कुठल्याही वेबसिरीजमध्ये मिळतं हो. माझ्या मते हे पिक्चर टिकलेत ते दोन्हींची हिरोईन मेइको काजी हिच्या नजरेमुळे, आणि ती नजर कुठल्या बाजारात उभी होती त्यामुळे.

बाजार म्हणजे असा की 1958 साली जपानमध्ये वर्षभरात 112 कोटींच्या वर तिकिटं विकली गेली होती, मग घराघरात टीव्ही आला आणि थिएटरं ओस पडत गेली. 1971 मध्ये दाइएई या फिल्म कंपनीचं दिवाळं निघालं, त्याच वर्षी निक्कात्सु ही दुसरी कंपनी सॉफ्ट पॉर्नकडे वळली, आणि तोएई या तिसरीने टीव्हीवर जे दाखवता येत नाही ते सगळं म्हणजे मारामारी, नग्नता, बायकांचे तुरुंग असला माल काढायला घेतला. गिऱ्हाईक कोण, तर पुरुष. हे लपवण्यात अर्थ नाही, काही सीन आजही बघवत नाहीत आणि मी ते सरळ पुढे ढकलते. पण ठरलेला मसाला टाकला की बाकीच्या जागेत डायरेक्टरला बरंच काही करता यायचं, आणि काहींनी ते केलं.

काजी निक्कात्सुमध्ये होती, कंपनीने तो रस्ता धरल्यावर ती सोडून तोएईत आली. 'स्कॉर्पियन'ची मूळ मांगामधली, म्हणजे जपानी कॉमिकमधली, हिरोईन शिव्या घालणारी आहे, ते काजीला नको होतं, म्हणून ती जवळपास बोलणारच नाही असं ठरलं. मग उरलं काय, तर केसांच्या आडून रोखलेले डोळे. ज्या प्रेक्षकाने तिला बघायला तिकीट काढलंय त्याच्याकडेच ती तशी बघते! हे 1972 साली, डायरेक्टर शुन्या इतोच्या पहिल्याच पिक्चरमध्ये. त्यातच प्रियकर म्हणवणारा पोलीस तिला जवळ घेतो तेव्हा पांढऱ्याशुभ्र कापडावर मधोमध लाल गोल डाग पसरतो, म्हणजे चक्क जपानचा झेंडा. पुढे तोच पोलीस तिला स्वतःच्या फायद्यासाठी गुंडांच्या तोंडी देतो. म्हणजे भांडण एका माणसाशी नाहीये, तुरुंग, पोलीस, देश सगळ्यांशी आहे, आणि हे सगळं कैदी बायकांच्या मसाला पिक्चरमध्ये.

'लेडी स्नोब्लड' (1973) मला त्याहून जास्त आवडतो कारण तो सूडाची मजाच काढून घेतो. त्याची हिरोईन युकी तुरुंगात जन्मते तीच आईच्या वतीने सूड घ्यायला, तिला स्वतःचं असं काही आयुष्यच नाही. आणि शत्रू सापडतो तेव्हा काय, तर बान्झो हा दारू आणि जुगारात बुडालेला केविलवाणा म्हातारा, पोरगी बांबूच्या वस्तू विकते असं सांगून शरीर विकून त्याला पोसतेय. ओकोनो ही दुसरी शत्रू सापडते तर ती आधीच गळफास घेऊन लटकलेली. युकी काय करते? लटकतं प्रेत कमरेतून कापते. आता यात कुठला न्याय आणि कुठलं समाधान, पण नियम आहे म्हणून कापायचं. शेवटी बापाला मारलं म्हणून बान्झोची पोरगी युकीलाच भोसकते, म्हणजे हिशोब पुढच्या पिढीला. आपल्याकडे 1988 च्या 'खून भरी मांग'मध्ये रेखा सूड घेते पण मुलं परत मिळतात, घडी नीट बसते. इथे कोणाचीच बसत नाही.

हॉलिवूडचा डायरेक्टर टॅरँटिनोने 'किल बिल'मध्ये काजीची गाणी वापरली आणि पुढच्या पिढीला हे नाव कळलं हेही खरंच, पण लोक तिथून मागे येऊन मूळ पिक्चर बघतात आणि मग बघतच राहतात, ते काही टॅरँटिनोमुळे नाही.

आणि हो, तुम्ही 'स्कॉर्पियन'चा पहिलाच भाग बघितला असेल तर आता दुसरा बघा, तो सगळ्यात वेडा आहे, पळालेल्या बायकांचा, अर्धा तर नाटकाच्या स्टेजवर चालल्यासारखा वाटतो. तिसराही इतोचाच. चौथ्यात काजी आहे पण डायरेक्टर बदललाय, तो राहिला तरी चालेल.