हॅमर मिटलाय, अ‍ॅनिमोनी पांढरा पडलाय: आधी हातातली बाटली खाली ठेवा

तुमची सगळी पोस्ट दोनदा वाचली. खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरलचा आठ महिन्यांचा टँक, तीन आठवड्यांपूर्वी नवा एलईडी लावला, त्याच सुमारास शेवाळ वाढलं म्हणून फॉस्फेट रिमूव्हर सुरू केला, मग हॅमर (हातोडीसारख्या टोकांचा कोरल) मिटायला लागला म्हणून अल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) बघितली तर ७.५ डीकेएच, कोणीतरी म्हणालं कमी आहे, तुम्ही बफर (अल्कलिनिटी वाढवणारं रसायन) टाकून तीन दिवसांत १०.५ वर नेलीत, आणि आता हॅमरचं मांस कडेने सांगाड्यापासून सुटतंय, बबल टिप अ‍ॅनिमोनी (फुलासारखा दिसणारा, सरकू शकणारा समुद्री प्राणी) जागा सोडून खडकामागे सावलीत जाऊन बसलाय, पांढुरका दिसतोय, तोंड सैल. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. आणि प्रश्न काय, तर आता कुठलं औषध टाकू?

कुठलंच टाकू नका. निदान आज तरी नको.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही अगदी शेवटी सहज लिहिलीय, की "बाकी खालचे मशरूम कोरल मस्त आहेत, कोळंबीने परवा कात टाकली, गोगलगायी फिरतायत". काय बिघडलंय ते आपण सगळेच बघतो, पण काय बिघडलेलं नाही ते बघत नाही. पाण्यात तांबं गेलं असतं किंवा अमोनिया चढला असता तर कोळंबी आणि गोगलगायी सगळ्यात आधी आडव्या झाल्या असत्या. त्या ठीक आहेत म्हणजे पाण्यात विष नाही. सावलीतले मशरूम ठीक, लाइटखालचा हॅमर आजारी, आणि ज्याला चालता येतं तो अ‍ॅनिमोनी स्वतःच उठून सावलीत गेला. अजून त्याने काय सांगायचं बाकी ठेवलंय? लाइट जास्त झालाय.

थोडं कारण सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. कोरल आणि अ‍ॅनिमोनीच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं, त्यांचं बरंचसं पोट त्याच्यावर चालतं आणि तपकिरी झाकही त्याचीच. उजेड अचानक वाढला की हे शैवाल झेपण्यापलीकडे काम करतं, त्यातून पेशीला घातक असा ऑक्सिजन तयार होतो आणि मग यजमान त्याला सरळ बाहेर काढतो. ब्लीचिंग ते हेच. समुद्रात हेच उष्णतेने होतं, नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाच्या वर एखादा अंश काही आठवडे राहिला तरी रीफ पांढरे पडायला लागतात, १९९८ आणि २०१६ मध्ये जगभर हेच झालं. म्हणून लाइटबरोबर थर्मामीटरही एकदा बघून घ्या, २५-२६ असेल तर विषय सोडा, २९ ला टेकत असेल तर दोन्ही मार एकदम बसतायत. आणि हो, पांढरा म्हणजे मेलेला नाही. पांढरा म्हणजे उपाशी. पांढरेफटक बबल टिप चार-सहा महिन्यांत पुन्हा रंगावर आलेले मी पाहिलेत.

तर लाइट. हॅमरला ८० ते १५० पार (शैवालाला वापरता येणाऱ्या उजेडाचं माप) पुरतो, नवे एलईडी पूर्ण जोरावर वरच्या खडकावर ३०० च्या पुढे सहज देतात, आणि निळा जास्त असेल तर डोळ्याला कळतही नाही, टँक उलट काळोखा वाटतो. आज संध्याकाळीच सगळे चॅनल निम्म्यावर आणा, ही कमाल तीव्रताही दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नको, आणि नंतर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा. पार मीटर कोणाकडून उसना मिळाला तर सोन्याहून पिवळं. हॅमर एक पायरी खाली ठेवा, पण एकदाच. रोज उचलून नवीन जागी ठेवणं हासुद्धा एक आजारच आहे.

आता अल्कलिनिटी. ७.५ कमी नव्हती हो! समुद्राचीच ७ च्या आसपास असते. ७ ते ९ मध्ये कुठेही असू द्या, पण स्थिर असू द्या. एका दिवसात १ डीकेएच ही माझी अगदी शेवटची हद्द, आणि तुम्ही ती सलग तीन दिवस गाठून ३ ढकललीत. त्यात नायट्रेट-फॉस्फेट शून्य. वाढलेली अल्कलिनिटी सांगाडा बांधायला ढकलते पण मांस वाढवायला अन्नच नाही, ओढाताण होते, आणि पहिलं नुकसान कडेचं मांस सुटण्यात दिसतं, निदान आम्ही जुने लोक तरी हे असंच समजतो. तेव्हा बफर बंद. खाली आणायला मोठा वॉटर चेंज करू नका, काहीच करू नका, आपोआप उतरेल. तुमचं मीठ कालवल्यावर किती डीकेएच येतं तेही एकदा तपासा, काही रीफ मिठांची ११-१२ असते आणि मग दर रविवारी मोठा वॉटर चेंज म्हणजे दर रविवारी एक झटका.

फॉस्फेट रिमूव्हर काढा. शून्य ही शाबासकी नाही. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट ५ ते १० पीपीएम असू द्या, माशांना थोडं जास्त खायला घाला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) जरा कोरडा, म्हणजे कमी घाण काढेल असा चालवा. दोन्ही शून्यावर ठेवून लोक दुसरं संकट ओढवून घेतात, डायनो, म्हणजे तो बुडबुडे धरणारा तपकिरी शेंबूड, आणि त्याच्यापुढे तुमचं आत्ताचं शेवाळ म्हणजे देवमाणूस म्हणाल.

क्षारतेचा आकडा तुम्ही १.०२५ (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) दिलाय पण तो त्या काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवरचा आहे. त्या काट्याला दोन बुडबुडे चिकटले की तो वर उचलला जातो आणि आकडा जास्त दाखवतो. माझी स्वतःची गंमत सांगतो, गंमत आता वाटते. माझ्याकडे रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता मोजणारं यंत्र) होता, आरओच्या पाण्यावर शून्य लावून मी निर्धास्त. दोन महिने टॉर्च कोरल फुगेना, झोआ (छोट्या फुलांसारखे दिसणारे जीव) उघडेनात, मी आयोडीन टाकलं, अमिनो टाकलं, स्ट्रॉन्शियम टाकलं, लाइट खालीवर केला, एका जुन्या मेंबरला भंडावून सोडलं. त्याने एकच विचारलं, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावणाने तपासलायस का? तपासला तर ३५ च्या द्रावणाला तो ३१ दाखवत होता. म्हणजे माझा टँक ३५ नाही, ३९ च्या आसपास चालला होता आणि मी त्यात सगळी बाटलीबाजी करत होतो. शून्याला बरोबर असलेलं यंत्र ३५ ला बरोबर असेलच असं नाही. शिवाय पुष्कळ रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी बनवलेले असतात, समुद्राच्या पाण्याला एक-दीड पीपीटीचा फरक तिथेच पडतो. म्हणून द्रावण घ्या, तपासा, आणि फरक निघालाच तर दिवसाला ०.००१ पेक्षा जास्त हलवू नका. मी दहा दिवस लावले, टॉर्च अकराव्या दिवशी फुगला असं मला सांगायला आवडलं असतं पण महिना लागला.

आता अ‍ॅनिमोनी. तो दिवसातून एकदोनदा पार चोळामोळा होऊन पडतो म्हणालात, त्याला घाबरू नका, घाण बाहेर टाकायला आणि आतलं पाणी बदलायला तो आक्रसतो. बघायचं ते हे: आक्रसल्यावर पुन्हा फुगतो का, तंतू बोटाला (म्हणजे ग्लोव्हला) चिकटतात का, पाय धरून आहे का, तोंड मिटतं का. तोंड सैल असणं वेगळं आणि आतडं बाहेर आल्यासारखं उलटलेलं असणं वेगळं. पाय सुटला, अंगाचे लिबलिबीत धागे व्हायला लागले आणि वास आला तर मात्र विचार करत बसायचं नाही, डब्यात घेऊन लगेच बाहेर. मोठा अ‍ॅनिमोनी टँकमध्ये कुजला तर अमोनिया माशांना घेऊन जातो.

तोपर्यंत त्याला जागेवरून हलवू नका. खडकावरून ओढून काढायचा तर अजिबात नाही, पाय फाटला की बरा होणारा प्राणीही जातो. आणि आजच्या आज वेव्हमेकरला (पाणी फिरवणाऱ्या पंपाला) स्पंज किंवा जाळी बसवा. फिरणारा अ‍ॅनिमोनी रात्री कुठे जाईल सांगता येत नाही. माझा गेला होता. सकाळी पाणी दुधासारखं, क्लाउनफिश वरती हवेसाठी तोंड मारतायत, आणि वेव्हमेकरमध्ये जे होतं त्याचं वर्णन करत नाही. त्या दिवशी अर्धं पाणी बदललं, भरपूर कार्बन (पाण्यातली घाण शोषणारा कोळसा) लावला, मासे वाचले.

खायला आत्ता मोठा तुकडा देऊ नका, आजारी अ‍ॅनिमोनी तो दोन तास धरतो आणि ओकून टाकतो, त्यात त्याचीच ताकद जाते. चिकटपणा आला की बारीक मिसिस कोळंबीच्या आकाराचं काहीतरी, आठवड्यातून दोनदा. अँटिबायोटिकची कोणी आठवण काढेल, सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे. ते वेगळ्या हॉस्पिटल टँकचं काम आहे, रोज पूर्ण पाणी बदलून, तेही संसर्गाची लक्षणं असतील तर. मेन टँकमध्ये टाकलंत तर फिल्टरचे बॅक्टेरिया पण जातील. तुमच्याकडे लक्षणं लाइटची आहेत.

हॅमरमध्ये एक गोष्ट मात्र रोज बघा. मांस सुटणं हळू चालतं, पण त्यावर तपकिरी शेंबडासारखी जेली दिसली तर तो ब्राउन जेली आजार, आणि तो एका दिवसात आख्खं हेड (फांदीच्या टोकाचा एक जीव) खातो, शेजारच्या टॉर्चवर पण जातो. तेव्हा पंप बंद करून जेली आधी सायफनने खेचून काढा, फुंकून उडवू नका नाहीतर टँकभर पसरेल. कोरल बाहेर काढून आयोडीनच्या डिपमध्ये (औषधाच्या पाण्यात) बुडवा, आणि फांद्यांचा हॅमर असेल तर आजारी हेड खालच्या कोऱ्या सांगाड्यावर कापून टाका. वॉल हॅमर (सलग भिंतीसारखा) असेल तर कापायला जागाच नसते, तिथे नशिबाचा भाग जास्त. आणि एखादं हेड सांगाड्यातून सुटून नुसतं मांस पाण्यात तरंगताना दिसलं तर तो पॉलिप बेलआउट, ताणाने होतो, जेली नव्हे.

झोआंवरही कीड बघायची म्हणालात, बघा, पण ग्लोव्ह आणि चष्मा घालून. काही झोआ आणि पॅलीमध्ये (झोआंचे भाऊबंद) पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. झोआ असलेला खडक उकळत्या पाण्यात घालून साफ करायचा सल्ला कुठे वाचला असेल तर विसरा, त्या वाफेने माणसं हॉस्पिटलात गेलीत. डिप केलात तर किडीची अंडी डिपने मरत नाहीत, ब्रशने खरवडायची आणि आठवड्याने परत डिप.

तर क्रम असा ठेवा. आज लाइट निम्मा, बफर आणि रिमूव्हर बंद, वेव्हमेकरला जाळी, ताजा कार्बन. उद्या-परवा क्षारता नीट तपासणे. मग दोन आठवडे फक्त अल्कलिनिटी रोज एकाच वेळेला मोजून वहीत लिहा आणि टँकमध्ये हात घालायची खाज दाबा, तेच सगळ्यात अवघड आहे हे मला माहितीये.

आणि पुढचा फोटो निळा लाइट बंद करून, पांढऱ्या उजेडात काढा. या फोटोत तुमचा अ‍ॅनिमोनी पांढरा आहे की हिरवा हेही नीट कळत नाही, मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून एवढं लिहिलंय.