कोयोटसाठी घेतलेली .२२३ ची गोळी हरणाला चालेल का?

तुम्ही विचारलंय: गाव केज तालुक्यातलं, नोकरी डॅलसला. कोयोटसाठी (कोल्ह्यासारखं अमेरिकन जनावर) घेतलेली .२२३ रायफलच्या ५५ ग्रेनच्या गोळ्यांची पेटी (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) घरात आहे आणि मित्रानं व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला बोलावलंय. तीच गोळी चालेल का? मी काही वर्षं ह्यूस्टनकडे होतो, आता लातूरला असतो, म्हणून लिहितोय.

नाही चालणार. पण दोष वजनाला देऊ नका. ५५ ग्रेनचीच बार्न्स कंपनीची टीएसएक्स गोळी हरणाला चालते. सगळा फरक घडणीचा आहे. व्ही-मॅक्स किंवा ब्लिट्झकिंग असली गोळी असेल, तर तिचं जॅकेट, म्हणजे शिशावरचं धातूचं आवरण, मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं आणि टोकाला प्लॅस्टिक असतं. सेकंदाला नऊशेच्या वर मीटर वेगानं आदळली की काही इंचांतच तिचा भुगा होतो. प्रेअरी डॉग (बिळात राहणारं खारीसारखं जनावर), कोयोट यांना तेवढं पुरतं, शिवाय दगडावर आपटून उसळत पलीकडे जायची भीती कमी. हरणाच्या खांद्यावर मात्र ती वरच्यावर फुटते. बाहेरून जखम भलीमोठी, आत फुफ्फुसापर्यंत काहीच पोचत नाही. जनावर पळतं आणि कुठंतरी काट्याकुट्यात तडफडून मरतं. याला मी तरी शिकार म्हणत नाही.

हरणासाठी ६० ग्रेनची नोस्लर पार्टिशन घ्या. तिच्या पोटात आडवी भिंत असते; पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत आत घुसतो. ६२ ग्रेनची फेडरल फ्यूजनही चांगली, तिच्यात शिसं जॅकेटला पक्कं जोडलेलं असतं. फुल मेटल जॅकेट स्वस्त मिळते म्हणून तिच्या नादी लागू नका. ती फुलत नाही, नुसती आरपार जाते.

पेटी घ्यायच्या आधी नळीवर कोरलेला ट्विस्ट वाचा, म्हणजे नळीतल्या खाचा गोळीला किती फिरवतात ते; १:१२ म्हणजे बारा इंचांत एक फेरा. १:१२ असेल तर ५५ ग्रेनच्या पुढं जाऊ नका. जड गोळी लांब असते, तेवढ्या फिरकीत ती डगमगते आणि कागदावर आडवी भोकं पडतात. १:९ ला पार्टिशन आणि फ्यूजन दोन्ही निर्धास्त. टीएसएक्स निव्वळ तांब्याची, आणि तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून ती त्याच वजनात आणखी लांब भरते. १:१२ ला ती नकोच.

शंभर-सव्वाशे यार्डांच्या आत, जनावर आडवं उभं असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या मागं नेम धरा. तिरपं उभं असेल तर सोडून द्या.

टेक्सासात हरणाला .२२३ चालते, रिमफायर .२२ (काडतुसाच्या कडेवर ठोकून उडणारी बारकी गोळी) चालत नाही. कोलोरॅडोत गेलात तर किमान .२४ इंच व्यासाची गोळी लागते, म्हणजे ही रायफल बाद. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे. दरवर्षी जायचा बेत असेल तर सरळ .२४३ विंचेस्टर घ्या, हा सगळा काथ्याकूट करत बसावा लागत नाही.

शेवटी तुम्ही हळूच विचारलंय, की गावी वडिलांच्या तुरीत हरणं घुसतात, तिथं यातलं काय चालेल? काहीही नाही. आपल्याकडचं हरण म्हणजे बहुतेक काळवीट. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. पीक राखायला बंदुकीचा परवाना असला म्हणून हरण मारायची मुभा मिळत नाही. नुकसानीची भरपाई वनविभागाकडून मागता येते, पण पंचनामा हवा. शेंगा खाल्लेल्या दिसल्या की त्याच दिवशी फोटो काढून वनरक्षकाला कळवा म्हणावं, आणि सातबारा हाताशी ठेवा.