तीन मशीन एकदम की एकेक? पिको, ओव्हरलॉक आणि डीलरचा हप्ता

प्रश्न: कराडजवळच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरीच ब्लाउज शिवतात. मशीन जुनी काळी, मोटर बसवलेली. महिन्याला साधारण ६० अस्तराचे ब्लाउज होतात. शिलाई ३०० रुपये, एकाला दोन तास. शिवाय २५ साड्यांचं पिको-फॉल येतं, ते त्या बाहेर देतात: पिकोचे ३० आणि फॉलचे ४० रुपये. ओव्हरलॉकही बाहेरच, ब्लाउजला १० रुपये. त्यासाठी आठवड्यातून दोनदा कराडला फेरी. दर फेरीला ६० रुपये आणि दोन तास जातात. डीलरने तीन मशीनचा भाव दिला आहे: डायरेक्ट ड्राइव्ह सिंगल नीडल (पट्ट्याशिवाय थेट मोटरवर चालणारी, एका सुईची सरळ शिलाईची मशीन) टेबल-स्टँडसह ३१,०००, चार धाग्यांची ओव्हरलॉक (कापडाची कड कापून बांधणारी मशीन) ३४,०००, पिको मशीन मोटरसकट १३,०००. एकूण ७८,०००. आधी १८,००० भरायचे आणि उरलेल्या ६०,००० वर १४ टक्के व्याजाने ३,२०० रुपयांचे २४ हप्ते. त्याच दुकानात तीन धाग्यांची छोटी ओव्हरलॉक मोटरसकट ९,५०० ला आहे. बंद पडलेल्या एका गारमेंट युनिटमधली जुनी जुकी (जपानी कंपनीची टेबलावरची सरळ शिलाईची मशीन) १४,००० ला मिळते आहे. बँकेत ९०,००० ची ठेव आहे, घरखर्च महिन्याला १८,०००. काय घ्यावं, कुठल्या कंपनीचं, आणि हप्त्यावर घ्यावं का?

उत्तर:

ताई, आधी हप्त्याचं बघू. डीलरचे १४ टक्के हे सपाट व्याज आहे. म्हणजे पहिल्या महिन्यात ६०,००० वर व्याज लागतं आणि शेवटच्या महिन्यात जेमतेम तीन हजार बाकी असतानाही ते ६०,००० वरच लागतं. दोन वर्षांत तुम्ही ७६,८०० फेडता. बँकेसारखं घटत्या बाकीवर मोजलं तर हा दर २५ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यावर फाइल चार्ज आणि विमा लावला तर आणखी वर. हप्त्यावर वस्तू विकायची ही रीत शिलाई मशीनइतकीच जुनी आहे. सिंगर कंपनीने अमेरिकेत १८५६ मध्येच ती सुरू केली, कारण मशीन एकरकमी घेणं तिथल्या घरांनाही परवडत नव्हतं. रीत वाईट नाही, दर वाईट आहे.

आता मशीन किती कमावून देईल ते पाहू, कारण हप्ता त्यातूनच जायचा आहे. पिको घरी केलं तर २५ साड्यांचे ७५० वाचतात, ओव्हरलॉकचे ६००, आणि आठ फेऱ्यांचे ४८०. झाले १,८३०. त्यातून धागा, सुया, तेल आणि विजेचे साडेतीनशे वजा केले की हातात साधारण १,५०० राहतात. फेऱ्यांचे सोळा तास सुटतात, पण पिकोला साडीमागे पंधरा मिनिटं आणि ओव्हरलॉकला ब्लाउजमागे पाच मिनिटं धरली तर अकरा तास तुमचेच जातात. उरलेल्या पाच तासांत दोन ब्लाउज जास्त निघाले तर आणखी ६००. म्हणजे या दोन मशीनमधून महिन्याला दोन हजारांच्या आसपास, आणि हप्ता ३,२००. वरचे १,२०० म्हणजे दर महिन्याला आणखी चार ब्लाउज. लग्नसराईत ते निघतील. पितृपक्षात कुठून काढणार?

या हिशेबात फॉल धरला नाही, तो मुद्दाम. फॉलचं हातकाम तुम्ही स्वतः करू नका. ४० रुपयांच्या फॉलला अर्धा-पाऊण तास जातो आणि ब्लाउजवर तुमचा तास १५० रुपयांचा आहे. पिको तुमच्या मशीनवर करा, फॉल गल्लीतल्या एखाद्या बाईला त्याच ४० रुपयांत द्या.

दुसरं, पिको किंवा ओव्हरलॉक यातली एकच मशीन घेण्यात अर्थ नाही. एक काम घरी आलं तरी दुसऱ्यासाठी कराडची फेरी चुकत नाही, आणि खरी बचत फेरीतच आहे. दोन्ही एकदम घ्या, पण ओव्हरलॉक छोटी घ्या. १३,००० आणि ९,५०० मिळून २२,५००. वर्षभरात वसूल होतात. हीच जोडी ३४,००० च्या ओव्हरलॉकसह घेतली तर ४७,००० होतात आणि वसुलीला दोन वर्षं लागतात. चार धाग्यांची शिवण लेगिंग, टी-शर्ट अशा ताणणाऱ्या कापडाला लागते. ब्लाउजच्या शिवणीची कड बांधायला तीन धागे पुरतात. छोटी मशीन हळू चालते, आवाज जास्त करते, आणि तिचा कटर लवकर बोथट होतो. मग कडेला धागे लोंबू लागतात. पण कटर आणि लूपर (कडेचा धागा गुंफणारे आकडे) साध्या दुकानात मिळतात. धागा ओवताना आधी वरचा लूपर, मग खालचा, सुई सगळ्यात शेवटी. क्रम चुकला की पहिल्या चार टाक्यांतच धागा तुटतो आणि लोक मशीनला दोष देतात.

३१,००० च्या सिंगल नीडलचा मोह मला समजतो. ती मिनिटाला चार-पाच हजार टाके घालते, जाड शिवणीवर अडत नाही आणि टाका देखणा पडतो. पण एका ब्लाउजला घड्याळ लावून बघा. कटिंग, खुणा, टाचण्या, इस्त्री, हूक-आय, अस्तर बसवणं सोडून सुई प्रत्यक्ष धावते किती वेळ? बहुतेकींचा हा वेळ निम्म्यापेक्षा कमी निघतो. शिवाय ब्लाउजच्या शिवणी आखूड: कटोरी, खांदा, बाही. पूर्ण वेग गाठायच्या आत शिवण संपते. नाइटी, परकर, शाळेचे गणवेश अशा लांब सरळ शिवणीच्या कामात हा वेग पैसा देतो. तसं ठोक काम हातात आलं, किंवा मदतीला मुलगी ठेवली आणि दोघींना दोन मशीन हव्यात अशी वेळ आली, की ती घ्या. तोवर काळ्या मशीनचं शटल, बॉबिन केस, फीडचे दाते आणि पट्टा बदलून घ्या. बॉबिन केसची पत्तीही तपासायला सांगा. टाका बराच सुधारतो आणि खर्च हजार-दीड हजारात आटोपतो.

जुन्या जुकीचं काय? मशीन दणकट असते, पण आधी डोक्यावरची मॉडेल नंबरची पाटी नीट बघा. आपल्याकडे टेबलावरच्या कुठल्याही सरळ मशीनला जुकीच म्हणतात, आणि दुसऱ्याच डोक्यावर जुकीची पाटी चिकटवून विकणारेही आहेत. हूकचं टोक नखाने चाचपा. बोथट किंवा ओरखडलेलं असेल तर टाके सुटणार. सुईचा दांडा हाताने हलवा, खेळ जाणवायला नको. पांढऱ्या पॉपलिनच्या दोन पदरांवर पाच मिनिटं पूर्ण वेगाने चालवा. कापडावर तेलाचा डाग आला तर सील किंवा तेलाचं माप बिघडलेलं आहे. मशीन चालू असताना वरच्या काचेत तेल उडताना दिसलं पाहिजे. गारमेंट युनिटमधल्या अशा मशीनना बहुधा अर्ध्या हॉर्सपॉवरची क्लच मोटर असते. ती तुम्ही कापड सरळ करत असतानाही घरघरत राहते आणि वीज खाते. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते. ती बदलायचा खर्च १४,००० मध्ये मिळवूनच तुलना करा. आत्ता मात्र घेऊ नका, ही तुमची आजची गरज नाही.

कंपनीचा प्रश्नही तुम्ही विचारलात. मी तो शेवटच्या रांगेत ठेवतो. नाव आणि कारखाना यांचं नातं आता सैल झालं आहे. सिंगर, फाफ आणि हुस्कवर्ना वायकिंग ही तिन्ही जुनी नावं एकाच समूहाची, आणि तो समूह २०२१ मध्ये एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीने घेतला. उषाच्या घरगुती झिगझॅग मशीन जपानी जानोमेच्या जोडीने येतात. जपानी जुकीचे कारखाने चीन आणि व्हिएतनाममध्येही आहेत, आणि टेबल मशीनच्या बाजारात चीनच्या जॅकने मोठी जागा घेतली आहे. काळ्या मशीन आणि त्यांचे सुटे भाग मुख्यतः लुधियानाचे, म्हणून ते गावोगावी मिळतात. तुमच्यासाठी प्रश्न एवढाच: मशीन ऐन लग्नसराईत बंद पडली तर मेकॅनिक किती तासांत येतो? मेकॅनिक आता कमी झाले आहेत आणि जे आहेत ते एकेका दुकानाशी बांधलेले. ऑनलाइन दोन हजार स्वस्त मिळालं तरी जोडणी, टायमिंग आणि पहिली सर्व्हिस कोण करणार हे आधी विचारा. दुसऱ्या दुकानातली मशीन म्हटल्यावर इथला मेकॅनिक टाळाटाळ करतो, हे तुम्हाला माहीत असेलच.

डीलरकडे जाताना आपलं कापड न्या: जॉर्जेट, साधं कॉटन, अस्तराचा क्रेप. जॉर्जेटवर पिको करून बघा. चुण्या पडल्या तर सुई जाड आहे किंवा टेन्शन घट्ट. ११ नंबरची सुई लावून पुन्हा बघा. तरीही पडल्या तर ती मशीन सोडा. बिल पक्कं घ्या, त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर हवा. शिलाई मशीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्के झाला आहे. माल जुना असला तरी आजच्या विक्रीला आजचाच दर लागतो, त्यामुळे ‘जुना स्टॉक आहे’ हे कारण ऐकू नका. आणि रोखीचा भाव वेगळा विचारा, हप्त्याचा विषय काढायच्या आधी.

पैसे ठेवीतून, पण ठेव पूर्ण मोडू नका. ९०,००० म्हणजे तुमच्या घरचा पाच महिन्यांचा खर्च. बँकेत ठेवीवर ओव्हरड्राफ्ट (ठेव न मोडता तिच्या तारणावर हवे तेवढे पैसे उचलायची सोय) मागा. व्याज साधारणपणे ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं आणि वापरलेल्या रकमेवरच लागतं. २२,५०० उचलून महिन्याला दोन हजार भरत गेलात तर वर्षभरात व्याज हजाराच्या आसपास जाईल. डीलरचं व्याज १६,८०० होतं.

तिसऱ्या मशीनसाठी, म्हणजे सिंगल नीडलसाठी, पीएम विश्वकर्मा या कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेचा रस्ता आत्तापासून धरून ठेवा. शिंपीकाम त्यात आहे. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्यात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, आणि नंतर तारणाशिवाय एक लाखापर्यंत कर्ज, ५ टक्क्यांनी, १८ महिन्यांत फेडायचं. घरटी एकालाच मिळतं आणि घरात सरकारी नोकर असेल तर मिळत नाही. तुमच्या भागात शिंपीकामाची नोंदणी सुरू आहे का ते सीएससी केंद्रात (सरकारी ऑनलाइन कामं करून देणाऱ्या गावातल्या सेवा केंद्रात) विचारा. पुढे ग्रामपंचायतीची पडताळणी लागते. एक काळजी घ्या: मधल्या काळात कुणी मुद्रा या छोट्या धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेचं शिशू (सगळ्यात लहान) कर्ज घ्या म्हणालं तर थांबा. मुद्राचं कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय विश्वकर्मात बसता येत नाही. आणि व्हाउचरची वाट बघत पिको-ओव्हरलॉक अडवून ठेवू नका. त्या फाइलला किती महिने लागतील ते तुमच्या हातात नाही.

डायरेक्ट ड्राइव्ह घ्यायची वेळ येईल तेव्हा दोन गोष्टी लेखी मागा: कंट्रोल बॉक्सच्या कार्डवर (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर) वॉरंटी किती, आणि वॉरंटीनंतर कार्डाची किंमत काय. गावाकडे व्होल्टेज वर-खाली झालं की पहिला बळी त्याचाच जातो, आणि त्या मशीनमधला तो महागडा भाग आहे. म्हणून मशीन यायच्या आधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या आणि स्टॅबिलायझरचे पैसे अंदाजात धरा.