नाकासमोर चालणारा

मागच्या अंकात आमच्या बंड्याबद्दल, म्हणजे आमच्या बीगल जातीच्या कुत्र्याबद्दल, चार ओळी काय लिहिल्या, टपालात बीगलवाल्यांची रीघ लागली. बंड्या तेरा वर्षं आमच्या माहीमच्या घरी होता. आता चिंगी आहे, साडेचार वर्षांची. मी जनावरांची डॉक्टर नाही. दोन बीगलांनी घडवलेली (यजमानांच्या मते बिघडवलेली) निवृत्त शिक्षिका आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

ताई, आमचा बीगल दोन वर्षांचा आहे. आम्ही दोघंही नोकरीला. सकाळी साडेआठला निघतो ते संध्याकाळी साडेसातला येतो. दुपारभर तो गळा काढून रडतो, असं शेजारी सांगतात. 'महिन्याभरात कुत्रा हलवा' अशी कमिटीची नोटीस आली आहे. भुंकला की शॉक बसणारा पट्टा घ्या, असं एका ट्रेनरने सुचवलंय. घ्यावा का? (मुलुंड पूर्व)

पट्टा घेऊ नका. घेतला असेल तर परत करा.

आधी नोटीस. कुत्रा काढा म्हणण्याचा अधिकार सोसायटीला नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्वच्छ लिहिलंय. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, आणि भुंकणं हे बंदीचं कारण होऊ शकत नाही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीचं कार्ड यांच्या झेरॉक्स जोडून सेक्रेटरींना लेखी उत्तर द्या. परवाना काढलेला नसेल तर तो आधी काढा, मग भांडा.

पण कागद जिंकला म्हणून भिंतीपलीकडच्या काकूंची दुपारची झोप परत येत नाही. आणि तुमचा मुलगा खरंच रडतोय.

त्याचा तो लांबलचक 'आऊऽऽ' माणसांनीच पिढ्यान्‌पिढ्या जोपासलाय. इंग्लंडात बीगलांचा अख्खा कळप सशाच्या मागावर सोडत आणि शिकारी मागून पायी धावत. कुत्री झुडपांत दिसेनाशी झाली की माग कुठे चाललाय ते त्या ओरडण्यावरून कळे. शेपटीचं टोक पांढरं ठेवलं तेही उंच गवतातून दिसावं म्हणूनच. कळपात उठणारं-बसणारं हे जनावर, आणि आपण त्याला रोज अकरा तास एकट्याला कुलूप लावून ठेवतो. त्यावर विजेचा झटका दिला तर एकटेपणात भीतीची भर पडते, दुसरं काही नाही.

एक काम करा. जुना मोबाइल शोकेसवर रेकॉर्डिंगला लावून जा. तो नेमका कधी रडतो ते ऐका. मी बंड्याचं ऐकलं तेव्हा चाटच पडले. साडेबारापर्यंत घोरत होता. मग शेजारच्या घरात तव्यावर बांगडा पडल्याचा चर्र आवाज, आणि पुढच्या मिनिटाला आमच्या पठ्ठ्याचा आलाप! ते दीड वाजेपर्यंत. वास येतोय आणि करायला काहीच नाही, हे त्याचं दुःख.

तेव्हा नाकाला काम लावा. सिंकमध्ये ठेवतात ती भोकांची रबरी जाळी घ्या, जुन्या सुती साडीच्या वीतभर पट्ट्या फाडून प्रत्येक भोकात गाठ मारा. असं दाट जंगल झालं की त्याच्याच सकाळच्या खाण्यातलं मूठभर त्यात पेरा. बंड्याला एकेक दाणा शोधायला पंचवीस मिनिटं लागायची आणि नंतर तो परीक्षा देऊन आल्यासारखा झोपायचा. हे आधी तुम्ही घरात असताना द्या. पट्ट्या चावून गिळणारा कुत्रा असेल तर ते एकट्याच्या हाती सोपवू नका. दाणे घरभर कोपऱ्यांत लपवा, तेही चालतं.

सकाळी चाळीस मिनिटं फिरवा, आणि त्यातली निदान वीस त्याच्या तंत्राने. तो एका खांबापाशी तीन मिनिटं थांबला तर तुम्हीही थांबा. आपण नाही का सकाळी पेपर घेऊन बसत?

आणि दुपारी कोणीतरी यायलाच हवं. फिरवणारा मुलगा लावा किंवा बिल्डिंगमध्येच कोणी सापडतं का ते बघा. आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांना बायको गेल्यापासून दुपार खायला उठायची. त्यांच्याकडे किल्ली दिली. अकरा तासांवर जाळी आणि खेळणी हा उपाय नव्हे.

आम्ही वर्सोव्याला राहतो. किनाऱ्यावर बोंबील वाळत घातले की आमची बीगल मला फरफटत नेते. हाक मारली तर वळूनही बघत नाही. बहिरी आहे का? (वर्सोवा)

बहिरी नाही. स्वयंपाकघरात पुडा फोडून बघा, कुठूनही धावत येईल.

आपल्याकडे एखादा माणूस सरळमार्गी असला की त्याला नाकासमोर चालणारा म्हणतात. बीगल अगदी तसाच, फक्त त्याचं नाक सरळ नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास लाख, बीगलच्या बावीस कोटींच्या आसपास. शिवाय ओलसर जमिनीवर वास जास्त टिकतो. तेव्हा वर्सोव्याची ओली वाळू आणि वर बांबूंवर लोंबणारे बोंबील म्हणजे तिच्यासाठी लालबागच्या राजाची गर्दी. त्या गर्दीत तुमची हाक कशी ऐकू येणार?

मोकळं सोडू नका, एवढंच कळकळीने सांगते. मी सोडलं होतं. एका डिसेंबरात पहाटे माहीमच्या चौपाटीवर कोणी नाही असं पाहून बंड्याचा पट्टा काढला आणि तो नाक वाळूला लावून जो गेला तो गेलाच. तीन तास रडत फिरले. शेवटी कोळीवाड्यात सापडला. एका बाईंनी त्याला जाळ्याच्या दोरीने खाटेला बांधून ठेवलं होतं. म्हणाल्या, "बाई, पाव्हणा जेवून बसलाय." खारा बांगडा जेवला होता. त्या रात्री तो पाणी पीत होता आणि मी गादी धूत होते. डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, थोडक्यात निभावलं. जास्त मीठ पोटात गेलं तर कुत्रा दगावूही शकतो.

गळ्याच्या पट्ट्याऐवजी छातीवर बसणारा हार्नेस घ्या, म्हणजे ओढताना नरडं आवळत नाही. पाच मीटरची लांब दोरी घ्या. दोन शब्द शिकवा: 'हुंग' आणि 'चल'. 'चल'ला चार पावलं सोबत आली की लगेच 'हुंग'ची परवानगी. हुंगणं हेच तिचं बक्षीस, बिस्किटाहून मोठं. सराव बोंबलांपासून लांब, गल्लीत सुरू करा. आणि हाक मारून दर वेळी घरीच नेऊ नका. हाक म्हणजे मजा संपली, हे ती दोन दिवसांत शिकते.

पावसाळा सुरू झाल्यापासून कुत्र्याच्या कानाला आंबूस वास येतो, तो सारखी मान झटकतो. सासूबाई कोमट तेल घालतात. चालेल ना? (गिरगाव)

नाही चालणार. सासूबाईंना माझा नमस्कार सांगून वाटी बाजूला ठेवा.

ते लोंबते कान झाकण लावलेल्या डब्यासारखे. त्यात मुंबईचा जून ते सप्टेंबर. आत हवा जात नाही आणि बुरशी धरते. तो इडलीच्या पिठासारखा वास तिचाच. तेलाने मळ आणि ओल आत आणखी कोंडते. पडद्याला भोक असेल तर काहीही ओतणं धोक्याचं. डॉक्टर आत बघून, मळ काचेवर तपासून थेंब देतील. गिरगावहून परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय काही लांब नाही. थेंब सांगितले तितके दिवस घाला. वास गेला म्हणून चौथ्या दिवशी थांबवू नका, मी थांबवले होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली.

बरं झाल्यावर आठवड्यातून एकदा कान उलटून बघायचा, हुंगायचाही. डॉक्टर म्हणाले तर कानाचं औषधी पाणी घालून बुडाशी चोळायचं आणि त्याला मान झटकू द्यायची. हे न्हाणीघरात करा, नाहीतर भिंती रंगवाव्या लागतील. दिसेल तेवढंच कापसाने पुसा, इअरबड आत घालू नका. जेवताना कान वाटीत बुडतात, म्हणून चिंगीच्या डोक्यावर मी माझा केसांचा रबर सैलसर चढवते. गौरीसारखी दिसते.

आणि साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार होतो, तो कुत्र्यालाही. त्याची लस दर वर्षी लागते. कार्ड काढून तारीख बघा.

आमचा पाच वर्षांचा बीगल १७ किलोचा आहे. सगळे गोंडस म्हणतात. (डोळे असे करतो की पोळी द्यावीच लागते.) (दादर)

बीगल साधारण ९ ते ११ किलोचा असतो, दांडगा असला तर एखाद-दोन किलो वर. तुमचा दीड बीगल आहे. बरगड्यांवरून हात फिरवा. न दाबता लागल्या पाहिजेत. थायरॉइडचीही तपासणी करून घ्या, पण मला संशय पोळीचाच आहे. दिवसाचं सगळं खाणं सकाळी एका बरणीत मोजून भरा. आजोबा, मुलं, कामाच्या मावशी, ज्याला द्यायचं त्याने त्या बरणीतूनच द्यायचं. बरणी रिकामी, दुकान बंद. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट अजिबात नाही. बेदाणे खाल्ले तर वाट बघू नका, तडक डॉक्टरांना फोन.

मी सातवीत आहे. मला बीगल हवाय. आई नाही म्हणते. तुम्ही तिला सांगाल का? (विलेपार्ले)

बाळा, तुझ्या आईला मी काहीही सांगणार नाही. ती शहाणी आहे.

तू असं कर. हा अंक हातात पडेल त्या दिवसापासून महिनाभर रोज सकाळी सहाला उठायचं, रेनकोट चढवायचा आणि कुत्र्याशिवाय चाळीस मिनिटं चालून यायचं. प्रत्येक खांबापाशी थांबायचं. पाऊस आहे, परीक्षा आहे, सर्दी झाली, काही ऐकायचं नाही. सोबत आईला न्यायचं, कारण शेवटी तीच जाणार आहे. एकतिसाव्या दिवशी दोघांनी मिळून मला पत्र लिहा.