मे महिन्यात झऱ्याच्या कुंडावर जाताय? आधी त्याच्या सांडीचा फोटो मागवा

तुम्ही लिहिलंय की मेच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरहून आठ जण निघणार, त्यात दोन मुलं आणि सासूबाई. झऱ्याच्या गार पाण्यात डुंबायचंय. आणि एका कार्यालयाने फोनवर 'पाणी बारमाही आहे' असं सांगितलं म्हणून खोल्यांचे पैसे आज-उद्या भरणार आहात. हे शेवटचं वाचून मला राहवलं नाही. पैसे भरू नका. निदान माझं ऐकून होईपर्यंत तरी थांबा.

हाच शब्द मी २०१६ साली ऐकला होता. आम्ही नऊ जण, दोन गाड्या. खोल्या देणाऱ्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कुंडाचंही नाही. काउंटरवर उभं राहून मी दोनदा विचारलं, कुंडात पाणी आहे ना? उत्तर आलं, "बारामासी झरना है, निश्चिंत जाइए." भिंतीवरच्या फलकावरही तेच. चार हजार आठशे रुपये भरले, पावती घेतली. पोहोचलो तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. मुलं गाडीतून उतरली ती थेट पायऱ्यांवरून पाण्यात. कमरेएवढं पाणी, जरा हिरवट, पण तीन तास उन्हातून आलेल्या माणसाला हिरवं पाणीही गारच दिसतं. कुंड भरलं की पाणी ज्या खाचेतून ओढ्यात सांडतं, त्या सांडीवर वाळलेल्या शेवाळाचा पापुद्रा धरला होता. तो मी डोळ्यांनी पाहिला. पाहिला, आणि त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. तासाभराने एक आजी शेळ्या घेऊन आल्या. म्हणाल्या, "होली के बाद धार बंद हो जाती है. इसमें तो ढोर भी नहीं उतरते."

माझी भाची तेव्हा आठ वर्षांची. तिसऱ्या दिवशी तिचा कान ठणकायला लागला, मग पू, मग ताप. पाच आठवडे औषधं चालली. त्याआधीचे दोन उन्हाळे ती पोहायला शिकत होती, हात सुरेख मारायची. त्यानंतर ती आजतागायत पाण्यात उतरलेली नाही. ताईने मला एका शब्दाने बोल लावला नाही, पण मुलांना पाण्यात सोडणारा मी होतो.

परत आल्यावर त्या कार्यालयात चार खेपा घातल्या. एकदा साहेब जागेवर नाहीत, एकदा अर्ज हिंदीत लिहून आणा, एकदा पावतीची झेरॉक्स जोडा. चौथ्या खेपेला सांगितलं, आम्ही खोली देतो, झऱ्याची जबाबदारी आमची नाही. मग 'बारमाही' सांगता कुठल्या आधारावर? पैसे नकोत, तेवढा शब्द फलकावरून पुसा, असं मी लिहून दिलं. पुढच्या वर्षी ओळखीतलं एक कुटुंब तिथे जाऊन आलं. फलक तसाच होता.

म्हणून माझं ठाम मत झालंय की पाण्याची चौकशी कार्यालयात करायचीच नाही. त्या गावातल्या चहावाल्याला, देवळातल्या पुजाऱ्याला किंवा गाडीवाल्याला फोन करा. आणि 'पाणी आहे का' असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. 'कुंडातून पाणी बाहेर पडतंय का' असं विचारा आणि त्या सांडीचा कालचा फोटो मागवा. कुंडाचा फोटो नको, सांडीचाच हवा. धार पेन्सिलीएवढी असली तरी मी जाईन. धार नसेल तर कुंड काठोकाठ भरलेलं असलं तरी ते साचलेलं डबकंच आहे.

मी भूजलाचा अभ्यासक नाही, पण या प्रसंगानंतर जमेल तेवढं वाचलं. आपला माळवा लाव्हाच्या थरांवर, काळ्या पाषाणावर बसलेला आहे. हा दगड घट्ट असतो. पाणी मुरतं ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. ती साठवण उथळ असते, दिवाळीला भरलेली आणि फाल्गुनापासून आटत जाणारी. त्यात आता शेताशेतात बोअर. त्यामुळे वडीलधारी माणसं 'आम्ही मे महिन्यात तिथे पोहायचो' म्हणतात ते खोटं नसतं, पण आज त्यावर विसंबू नका.

पातालपानी, तिंछा, मोहाडी ही नावं तुमच्या यादीत आहेत, ती मे महिन्यासाठी खोडा. हे पावसाचे धबधबे आहेत. आणि पावसाळ्यातही लांबूनच पाहा. जुलै २०११ मध्ये पातालपानीला अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेली माणसं वाहून गेली, हे इंदुरात कोणी विसरलेलं नाही. जानापावला चंबळेचा उगम आहे, मांडूच्या नीलकंठाला नागमोडी दगडी नालीतून पाणी कुंडात येतं, पण ती देवाची जागा. दर्शन घ्या, पाय धुवा, मुलांना डुंबायला सोडू नका.

कोणीतरी 'त्यापेक्षा नर्मदेला जा' सांगेलच. घाटावर साखळी धरून स्नान करा, जरूर. पण महेश्वरजवळच्या सहस्रधारेसारख्या खडकांत मुलांना घेऊन बसू नका. वर धरणं आहेत, पाणी कधीही वाढू शकतं. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यातल्या धाराजीला अमावस्येच्या स्नानासाठी लोक नदीकाठी जमले होते, इंदिरा सागर धरणातून सोडलेलं पाणी रात्री त्यांच्यावर आलं आणि साठाहून जास्त माणसं गेली. तेव्हा आकाशात ढगही नव्हता. नदीकाठी भोंगा वाजला की सामान सोडून आधी वर यायचं, हे मुलांना घरीच समजावून ठेवा.

मग जायचं कुठे? माझ्या मते पचमढी. दूर आहे, कबूल. पण तिथला दगड वाळूचा आहे. पचमढीचा वालुकाश्म पावसाचं पाणी स्पंजासारखं धरतो आणि उन्हाळाभर थोडं थोडं सोडत राहतो, म्हणून मेमध्येही ओढ्यांना धार असते. जमिनीतून येणारं पाणी वर्षभर साधारण सारख्याच उष्णतेचं राहतं, त्यामुळे बाहेर ऊन तापलेलं असताना त्यात पाय टाकला की अंगावर काटा येतो. (खानदेशातल्या उनपदेवचा झरा उलट, तो मुळातच ऊन पाण्याचा. तिकडे थंडीत जा.)

तुमच्या मंडळींसाठी अप्सरा विहार बरं, डोह उथळ आहे. बी फॉल या धबधब्याला पायऱ्या फार. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना खाली नेऊ नका, उतरताना कळत नाही आणि चढताना हाल होतात. बी फॉलच्या ओढ्याचं पाणी पचमढीला पिण्यासाठी जातं, तेव्हा साबण, शाम्पू, तेल लावून कोणीही उतरायचं नाही. हे मी हात जोडून सांगतो. बरीच ठिकाणं व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहेत, तिकीट आणि जिप्सी, म्हणजे जंगलात नेणारी उघडी जीप, लागते. कुठे पाण्यात उतरू देतात ते नियम बदलत असतात, मी शेवटचा दोन उन्हाळ्यांपूर्वी गेलो होतो, तेव्हा निघण्याआधी जिप्सीवाल्याकडून खात्री करून घ्या. इंदूर-जबलपूर ओव्हरनाइट पिपरियाला थांबते, तिथून वर घाटाने पन्नासेक किलोमीटर. मुलांना घेऊन दिवसा गाडी हाकण्यापेक्षा हे कितीतरी सुखाचं. शनिवार-रविवार टाळा.

पाण्यात कोणीही सूर मारायचा नाही, तुमच्यातला पट्टीचा पोहणाराही नाही. ओढ्याच्या तळाला रांजणखळगे असतात. कमरेएवढ्या पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की डोक्यावर पाणी. मोठ्या माणसाने आधी काठी टोचत डोह फिरून यावं. तरंगायला पाच लिटरचे रिकामे कॅन बूच घट्ट लावून दोरीला बांधून न्या, लहानपणी बावडीत आम्ही तेच पाठीला बांधायचो. मुलांच्या नाकात पाणी जाऊ देऊ नका, बाहेर आली की कान कोरडे करा. कान आधीच दुखत असेल तर त्या मुलाला काठावर बसवा, रडलं तरी.

आरक्षणाचं उद्या बघा. आज त्या गावातल्या कोणाचा तरी नंबर मिळवा, आणि सांडीचा फोटो आला की मला दाखवा.