बाईंना विचारा : ‘संस्था स्वायत्त आहे’ म्हटलं की उत्तर झालं का?

प्रश्न : बाई, ब्रिटनच्या संसदेतली पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं मी मोबाइलवर बघतो. बीबीसी निःपक्षपाती आहे का, देशावर कर्ज किती, काहीही विचारा, पंतप्रधान तिथंच उभे राहून उत्तर देतात. आपल्याकडं आकाशवाणी-दूरदर्शनबद्दल विचारलं की ‘प्रसार भारती स्वायत्त आहे’ म्हणून विषय मिटवतात. मग खासदाराला पत्र लिहून उपयोग काय? – एक वाचक, निपाणी

उत्तर : उपयोग आहे, आणि पत्र तुम्ही लिहाच. फक्त प्रश्न असा मांडा की त्याला बगल देता येऊ नये.

तुम्ही बघता तो अर्धा तास दर बुधवारी दुपारी बाराचा. 1997 पर्यंत मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं असायची. टोनी ब्लेअर यांनी ती एकत्र केली. नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रम्प यांच्या भाषणाच्या काटछाटीवरून बीबीसीच्या महासंचालकांनी राजीनामा दिला, त्याच आठवड्यात पंतप्रधान कीर स्टार्मर यांना सभागृहात त्यावर विचारलं गेलं. बीबीसी भक्कम आणि स्वतंत्र राहिली पाहिजे, पण चूक झाली तर तिनं आपला कारभार सुधारला पाहिजे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सरकारचा प्रमुख सर्वांसमोर जाब देतो, हे मला मोलाचं वाटतं आणि आपल्याकडं ते नाही याचं वाईटही वाटतं. पण त्या अर्ध्या तासात कळते ती सरकारची भूमिका. आकडे आणि कागद बाहेर येतात ते लेखी उत्तरांतून. ते दार आपल्याकडंही उघडं आहे.

लोकसभेत सकाळी 11 ते 12 प्रश्नोत्तराचा तास असतो. दिवसाला 20 तारांकित प्रश्न, त्यांना तोंडी उत्तर आणि वर पुरवणी प्रश्न. शिवाय 230 अतारांकित, त्यांना लेखी उत्तर. तासाभरात विसाव्या प्रश्नापर्यंत कामकाज सहसा पोचत नाही, म्हणून मी लेखी उत्तरांवर जास्त भर देते.

मी राज्यशास्त्र शिकवत असताना अकरावीच्या मुलांच्या हातात अशा उत्तराची छापील प्रत द्यायचे. वर मंत्रालयाचं नाव, प्रश्नाचा क्रमांक, खाली प्रश्नाचे (क), (ख), (ग), (घ) असे भाग. मुलांना मी एवढंच सांगायचे, उत्तराच्या पहिल्या ओळीकडं बघा. ‘(क) ते (घ)’ असं एकत्र लिहिलेलं दिसलं की समजायचं, चार प्रश्न एका परिच्छेदात गुंडाळलेत. पुढं वाक्य येतं, ‘प्रसार भारतीनं कळवलं आहे की…’ दूरदर्शन निःपक्षपाती आहे का, असा प्रश्न असेल तर असंच उत्तर येणार. मत विचारणारा प्रश्न लोकसभेच्या नियमांतही बसत नाही.

म्हणून मत विचारूच नका, कायदा विचारा. प्रसार भारती कायदा 1990 चा, लागू झाला सप्टेंबर 1997 मध्ये. त्याच्या कलम 12 मध्ये लिहिलंय की नागरिकांना खरी, वस्तुनिष्ठ माहिती मिळाली पाहिजे, परस्परविरोधी मतं समतोलपणे मांडली पाहिजेत आणि संस्थेनं स्वतःची कोणतीही विचारसरणी पुढं करता कामा नये. कलम 13 मध्ये 22 खासदारांची समिती सांगितली आहे, कलम 14 मध्ये तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. कलम 23 नुसार सरकार प्रसार भारतीला निर्देश देऊ शकतं, पण अशा प्रत्येक निर्देशाची प्रत संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढं ठेवावी लागते.

आता खासदाराला असं लिहा : कलम 13 ची समिती आणि कलम 14 ची परिषद आज अस्तित्वात आहे का? नसल्यास कारण काय आणि ती कधीपर्यंत नेमणार? गेल्या पाच वर्षांत कलम 23 खाली किती निर्देश दिले आणि त्यांच्या प्रती कोणत्या तारखांना पटलावर ठेवल्या? बातम्यांत सत्ताधारी आणि विरोधी सदस्यांना मिळालेल्या वेळेची नोंद ठेवली जाते का? या काळात प्रसार भारतीला सरकारी तिजोरीतून वर्षाला किती अनुदान दिलं?

यातल्या एकाही प्रश्नाला ‘संस्था स्वायत्त आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही. कायदा संसदेचा, परिषद नेमायचं काम सरकारचं, अनुदान तुमच्या-आमच्या करातलं. ‘माहिती गोळा केली जात आहे’ असं उत्तर आलं तरी निराश होऊ नका. ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि त्यावर सरकारी आश्वासन समितीची नजर असते.

पत्र कुणाला, हेही सांगते, कारण इथं आपली माणसं हमखास चुकतात. प्रसारण हा केंद्राच्या यादीतला विषय. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की आमदाराला आकाशवाणीबद्दल निवेदन देणारे मी पाहिलेत. त्या कागदाचं तिथं काही होत नाही. निपाणीकरांचा खासदार चिक्कोडीचा, बेळगाव शहरातल्या लोकांचा बेळगावचा आणि खानापूरवाल्यांचा थेट उत्तर कन्नडचा. एकच प्रश्न तिघांकडं गेला तर फारच चांगलं.

प्रश्न : बाई, केंद्रातले मंत्री म्हणतात कर्नाटक कर्जात बुडालं, राज्यातले म्हणतात केंद्र बुडालं. दोघंही आकडे देतात. खरं कुणाचं मानू? – बारावी कॉमर्सची विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : बाळ, आकडे दोघांचे खरे असू शकतात. तू एवढंच बघायचं, आकडा कशाच्या तुलनेत दिलाय.

केंद्राचा 2025-26 चा अर्थसंकल्प घे. ‘रुपया कुठं जातो’ या चित्रात व्याजावर 20 पैसे दाखवलेत. त्याच अर्थसंकल्पात एकूण खर्च 50.65 लाख कोटी आणि व्याज 12.76 लाख कोटी आहे. भागून बघ, 25 टक्के येतात. मग पाच पैशांचा फरक कुठून आला? चित्रातल्या रुपयात राज्यांना जाणारा करांचा वाटा धरलेला असतो, एकूण खर्चाच्या आकड्यात तो नसतो. सत्ताधारी 20 सांगतील, विरोधक 25 सांगतील आणि टीव्हीवर तासभर भांडण चालेल. वहीत हे गणित स्वतः मांड, परत कधी विसरणार नाहीस.

कर्जाचंही तसंच. केंद्राचं कर्ज 2025-26 अखेर देशाच्या एकूण उत्पन्नाच्या म्हणजे जीडीपीच्या 56.1 टक्के राहील असा अंदाज मांडला होता. 2018 च्या दुरुस्तीनं केंद्राच्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात ठरवलेलं लक्ष्य 40 टक्क्यांचं होतं, 2024-25 पर्यंतचं. कर्नाटकाच्या त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात एकूण देणं 7.64 लाख कोटींचं, म्हणजे राज्याच्या उत्पन्नाच्या 24.91 टक्के. राज्याच्या कायद्याची मर्यादा 25. मर्यादेत आहे हे खरं, आणि पाय ठेवायला जागा उरली नाही हेही खरं. केंद्र आणि राज्याची टक्केवारी मात्र शेजारी ठेवून कोण चांगलं ते ठरवू नकोस. संरक्षण, रेल्वे केंद्राकडं, कर लावायचे अधिकारही वेगळे. ब्रिटनचं सरकारी कर्ज तर त्यांच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या जवळ पोचलंय. सरकारच्या दर दहा पौंड खर्चातला साधारण एक व्याजात जातो.

आणखी एक. हे सगळं कर्ज परदेशाचं आहे असं तुझ्या वर्गात कुणी म्हणालं तर ते खोडून काढ. केंद्राचं बहुतांश कर्ज देशातच उभं राहतं. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी सरकारी रोखे घेतात. तुझ्या बाबांच्या विम्याचा हप्ताही त्यात असतो. म्हणून मंत्र्याला विचारायचं ते हे : यंदा काढलेल्या कर्जातलं किती रस्ते, धरणं, शाळांवर लागलं आणि किती पगार, पेन्शन, व्याजात गेलं? अर्थसंकल्पाबाहेर महामंडळांच्या नावावर किती काढलं? राज्याच्या कर्जाबद्दल आमदाराला विचार, केंद्राच्या कर्जाबद्दल खासदाराला.

प्रश्न : हे सगळं मराठीत विचारता येतं का? – एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : संसदेचं कामकाज घटनेच्या कलम 120 नुसार हिंदी किंवा इंग्रजीत चालतं. सदस्याला त्या भाषांत नीट बोलता येत नसेल तर पीठासीन अधिकारी मातृभाषेत बोलायला परवानगी देऊ शकतात. विधिमंडळासाठी तीच सोय कलम 210 मध्ये आहे. तुमच्या पत्राला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. गाऱ्हाणं मांडणारं निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क कलम 350 नं प्रत्येकाला दिलाय. पत्र बिनधास्त मराठीत लिहा. प्रश्नांचा तेवढा भाग खाली इंग्रजीत जोडा, म्हणजे खासदाराच्या कार्यालयात भाषांतरापायी प्रश्नाच्या नोटिशीची मुदत निघून जाणार नाही. ही नोटीस खासदारानं किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच पोस्टात टाका.